अधिक महिन्यातला चीजकेक

दिवाळीत आलेल्या पत्राला श्यामरावांनी उन्हाळा लागला तरी उत्तर दिलं नव्हतं. हे त्यांच्या पत्नी पद्माताईंना ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, आणि ज्यानं पत्र लिहिलं त्या जावयाला तर असणारच. ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं ग्रंथालय सांभाळताना श्यामरावांनी कुणाचं पत्र कधी थकवलं नाही. प्रकाशकांच्या छापील शुभेच्छापत्रांनासुद्धा ते 'आपले पत्र पावले' असं उलट टपाली कळवत. तोच माणूस या एका पत्रापुढे हात टेकून बसला होता.

पत्र तसं लहानच. जावई ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर, मूळचा लातूरकडचा आणि सासऱ्याइतकाच अबोल. समोरासमोर विचारायचा धीर होईना म्हणून त्यानं कागदावर विचारलं होतं: 'बाबा, मी घरी आलो की पाच मिनिटांत तुम्ही उठून आतल्या खोलीत जाता, ते मी निघेपर्यंत बाहेर येत नाही. माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा. सुधारणा करीन.'

आता खरी गोष्ट अशी की श्यामराव आत जात ते विषय शोधायला. इंजिनिअर माणसाशी बोलायचं काय? चाकणच्या ट्रॅफिकबद्दल बोलून झालं, पुनावळ्यात वाढलेल्या इमारतींबद्दल बोलून झालं, की त्यांची शिल्लक संपे. मग ते "आलोच हं" म्हणून उठत आणि पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहून जावयाला रुचेल असं काहीतरी धुंडाळत. एकदा त्यांना वाफेच्या इंजिनाबद्दल फार सुरेख परिच्छेद सापडला. तो घेऊन ते उत्साहानं बाहेर आले, तेव्हा ज्ञानेशची मोटरसायकल मोशीच्या पुढे गेली होती.

हे पत्रात कसं लिहायचं? त्यांनी मसुदे केले. एक फारच औपचारिक झाला, एकाला तळटीपा आल्या, आणि एक वाचून तर स्वतः श्यामरावांनाच वाटलं की जावयाला नोकरीवरून काढून टाकलंय.

अशात दिव्याचा, म्हणजे मुलीचा, फोन आला.

"बाबा, अधिक महिना लागतोय. धोंड्याच्या जेवणाला बोलावलंत तर तो येईल. बोलावणं मोडणाऱ्यातला नाही तो. पण यावेळीही तुम्ही उठून आत गेलात ना, तर यापुढे मी एकटीच येत जाईन. त्याला चक्क वाटतं की तो तुम्हाला आवडत नाही."

अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि वाण द्यायचं, ही रीत त्यांच्या घरात काटेकोर पाळली जाई. वाण अनारशांचं, नाहीतर बत्ताशांचं. जाळी असलेलं काहीतरी हवं आणि तेहतीस हवं.

"अनारसे आवडतात ना त्यांना?" त्यांनी चाचरत विचारलं.

"अजिबात नाही. त्याला चीजकेक आवडतो."

"मग मी चीजकेक करतो," श्यामराव म्हणाले. हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं की शेजारच्या घरातून ऐकू आलं, अशी त्यांना क्षणभर शंका आली.

पद्माताई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कोण करतंय?"

"मी."

"तुम्ही? मागे एकदा तुम्ही चहा केला होतात, तेव्हा गाळणी कुठे असते ते विचारायला मला मंगळागौरीतून फोन करून उठवलंत."

पण पत्र लिहिता येत नसेल तर निदान केक तरी करता येईल, हा विचार श्यामरावांच्या मनात पक्का बसला. ज्या माणसाला स्वतःबद्दल सदैव शंका असते, त्याला एखाद्या गोष्टीची खात्री वाटली की ती फार दांडगी खात्री असते.

त्यांनी रीतसर अभ्यास केला. चार प्रकार वहीत उतरवले: भाजलेला, न भाजता फ्रिजमध्ये लावलेला, वरून मुद्दाम करपवलेला आणि कापसासारखा फुगणारा. क्रीम चीज म्हणजे काय, याच्या मुळाशी गेल्यावर त्यांना दिसलं की आंबट झालेल्या दुधातलं पाणी काढून टाकलं की ते होतं. "अहो, म्हणजे हा आपला चक्काच!" ते आनंदानं ओरडले. नव्यानं खंड सापडलेल्या खलाशाला इतका आनंद झाला नसेल. त्याच दिवशी पंचात दही बांधून नळाला टांगण्यात आलं.

दिव्याचा लग्नाआधीचा छोटा ओव्हन माळ्यावरून खाली आला. पहिला केक बाहेर आला तो श्रीखंड म्हणून वाईट नव्हता. पद्माताईंनी पुऱ्या तळल्या आणि विषय संपवला.

दुसऱ्या खेपेला श्यामरावांनी वाकडहून खरं क्रीम चीज आणलं, अंडी आणली, अंड्यांसाठी वेगळं पातेलं ठरवलं, आणि केक भाजला. तो फुगला, सोनेरी झाला, आणि बाहेर काढल्यावर मधोमध टर्रकन फाटला. नेमके त्याच वेळी शेजारचे सोपानराव दारात उभे.

सोपानराव मूळचे पुनावळ्याचेच. त्यांच्या वावरात आता चार टॉवर उभे होते, त्यातल्याच एका टॉवरमध्ये ते राहत. चाकणच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांची नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते लिफ्टचे आवाज आणि भाजीवाल्याचा काटा तपासत.

"मास्तर, हे रिजेक्शन हाय," भेगेवर बोट ठेवून ते म्हणाले. ग्रंथपाल हाही त्यांच्या लेखी मास्तरच.

"चवीला बरा आहे," श्यामराव ओशाळून म्हणाले.

"चव कस्टमर बगंल. आपण आदी कारण शोधायचं. आमच्या कंपनीत एक क्रॅक आला की आमी पाच वेळा 'का' विचारायचो. का फाटला?"

"गरम जास्त झाला असावा."

"का झाला?"

"मला कळलं नाही म्हणून."

"का कळलं न्हाई?"

"सोपानराव, मी मराठीचा पदवीधर आहे."

"मंग तिथंच रूट कॉज घावला," सोपानराव समाधानानं म्हणाले आणि आपल्या घरातून एक लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन आले. तेव्हापासून प्रत्येक केक त्यांच्या देखरेखीखाली भाजला जाऊ लागला. मधोमध थर्मामीटर खुपसायचा, आकडा बघायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायचा. केक भराभर होत गेले आणि एकजात मधोमध फाटत गेले. सोपानरावांनी गिरणीच्या पिठापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी पद्माताई ओट्यापाशी उभ्या राहून एकदाच सगळा कार्यक्रम बघत होत्या, तेव्हा म्हणाल्या, "अहो, जिथे भोसकता तिथूनच फाटतोय ना तो!"

सोपानरावांनी थर्मामीटर धोतराला पुसावा तसा पँटीला पुसला.

"म्हंजे इन्स्पेक्शनमुळं डिफेक्ट," ते खोल आवाजात म्हणाले. "हे आमच्या साहेबालाबी कदी सुचलं न्हाई."

फाटलेले केक टाकवत नव्हते आणि दोघांच्या मधुमेहाला खपत नव्हते, म्हणून श्यामराव ते शेजारी वाटू लागले. त्यातूनही मनःस्ताप झाला. मुद्दाम करपवायचा प्रकार त्यांनी दिला, तर प्रत्येक घरातून "लागला का हो? असू द्या, होतं असं" असं सांत्वन आलं. श्यामरावांनी दारोदार खुलासा केला की हा स्पेनकडचा आहे आणि तिकडे तो असाच करपवतात. सगळ्यांनी मान डोलावली, जशी आपण एखाद्याच्या नापास मुलाची बाजू ऐकताना डोलावतो. फ्रिजमध्ये लावायचा प्रकार वीज गेल्यावर पातळ झाला, तो लोक वाटीनं प्यायले. कापसासारखा फुगणारा केक फुगला खरा, पण लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो बसला.

आणि मग नोटीस आली.

सोसायटीचे सेक्रेटरी नवनाथ यांच्या सहीची. 'आपल्या सदनिकेत विनापरवाना खाद्यव्यवसाय चालू असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. तरी समक्ष हजर राहून खुलासा करावा.' श्यामरावांनी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. ज्यांनी हयातभर दुसऱ्यांना पुस्तक उशिरा परत केल्याच्या नोटिसा काढल्या, त्यांच्या नावानं नोटीस! त्या दिवशी ते लिफ्टनं न जाता जिन्यानं उतरले, कुणाच्या नजरेला नजर मिळू नये म्हणून. आणि जिन्यात नेमके सगळे भेटले.

समितीच्या बैठकीत नवनाथ टेबलामागे बसले होते. "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण बी विंगमधून तक्रार आहे. डबे जातात, डबे येतात. हा धंदा नाही तर काय आहे?"

"मी जावयासाठी शिकतोय," श्यामराव म्हणाले.

"मग इतके जावई आहेत का?"

सभागृह हसलं. श्यामरावांचे कान तापले. पण सोपानराव उठून उभे राहिले. "राव, पुरावा खाल्ल्याबिगर निकाल कसा देताय? आणलाय मी संगं."

पुरावा कापण्यात आला. नवनाथांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. दुसऱ्या प्रकाराचाही पुरावा असल्याचं कळल्यावर तोही मागवण्यात आला. शेवटी इतिवृत्तात असं नोंदवलं गेलं की प्रकरण गुंतागुंतीचं असल्यानं निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवावा, आणि तोवर काकांनी आंब्याचा एक नमुना सादर करावा. तक्रार करणाऱ्या बी विंगच्या बाईंना वेगळंच दुखलं होतं. त्यांच्या मजल्यावर केक पोचलाच नव्हता.

इतकं झाल्यावर मात्र श्यामराव चढले. थर्मामीटरशिवायचा केक सपाट आणि गुळगुळीत बाहेर आला होता. आता ते जावयापुढे ताठ मानेनं उभे राहणार होते. आणि त्याच संध्याकाळी निघोज्याहून कुसुमताईंचा फोन आला.

कुसुमताई म्हणजे श्यामरावांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून घराण्याच्या रीतिरिवाजांचा कारभार त्यांच्याकडे होता आणि त्यावर अपील नव्हतं.

"काय रे श्याम, वाणाला केक देतोयस म्हणे?"

"हो ताई."

"अंडं घालतोस?"

श्यामरावांनी पद्माताईंकडे पाहिलं. पद्माताईंनी छताकडे पाहिलं.

"पुरुषोत्तम महिना आहे, श्याम! वाणाला अंडं? आणि जाळी कुठंय तुझ्या केकाला? जाळीशिवाय वाण होतं का?"

"ताई, त्यात भोकं पडू नयेत म्हणूनच तर सगळी खटपट आहे."

"मग कसली खटपट करतोस? भोकं पाड. मी येतेय त्या दिवशी."

झालं. सगळं शास्त्र पुन्हा पहिल्या इयत्तेत आलं. अंड्याशिवाय केक बसेना. कधी रबर झाला, कधी खीर. मग श्यामरावांना आपला पहिला चक्का आठवला. नळाला पुन्हा पंचा टांगला गेला. घट्ट चक्का, मिल्कमेड आणि थोडं कॉर्नफ्लॉवर यांचं एकदाचं जमलं. फक्त एक अट उरली: भाजून झाल्यावर ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून केक तासभर आतच निवू द्यायचा. दार बंद राहिलं तर करपणार, सताड उघडलं तर फाटणार.

आणि दार तसं अडवून धरणारी स्प्रिंग सोपानरावांनी काढून नेली होती.

"ढिली झाल्ती मास्तर. निघोज्याला आपल्या भाच्याचं वर्कशॉप हाय, खंडूचं. तितनं नवी करून आणतो, पयल्यापरीस कडक." हे आठवड्यापूर्वीचं. खंडू मोठ्या कंपनीच्या ऑर्डरमध्ये अडकला आणि ओव्हनचं दार खिळखिळ्या दातासारखं लोंबत राहिलं. जेवणाच्या दिवशी सकाळी सोपानराव स्प्रिंग आणायला म्हणून निघाले, आणि बाराच्या सुमारास त्यांचा फोन आला की तळवडे चौकात गाड्या हलत नाहीयेत, पण काळजीचं कारण नाही, स्प्रिंग हातात आहे.

त्यामुळे जावई आणि मुलगी दारात आले तेव्हा श्यामराव स्वयंपाकघरात एका पाटावर बसले होते. समोर ठेंगण्या स्टुलावर ओव्हन, आणि दोन्ही हातांत जाड फडक्यानं धरलेलं त्याचं दार. किंचित उघडं.

दिव्या आत डोकावली, कपाळाला हात लावला आणि आईला वाणाचं ताट भरायला मदत करायला निघून गेली. ज्ञानेश पाणी प्यायला आला. सासऱ्याला पाहून थबकला.

श्यामरावांच्या पायांनी सवयीप्रमाणे उठायचा प्रयत्न केला. "आलोच हं," हे शब्दही ओठापर्यंत आले. पण दार सुटलं असतं.

"काय करायलात बाबा?"

"दार धरलंय."

"किती वेळ?"

"तासभर."

ज्ञानेश पाणी प्यायला. त्यानं भांडं विसळून पालथं घातलं. दाराकडे पाहिलं, मग आत पाहिलं. "बंद केलं तर?"

"करपेल."

"अन् पूर्ण उघडलं तर?"

"फाटेल."

मग ज्ञानेशनं बाह्या सरसावल्या आणि फरशीवर मांडी घातली. "सरका जरा. एक बाजू मी धरतो. तुमच्या हाताला कळा लागल्या असतील."

सासरा आणि जावई एकाच दाराला धरून बसले. उठायची सोय नव्हती, कपाट लांब होतं. विषय आणायचा कुठून? श्यामरावांनी समोर पाहिलं. समोर केक होता. त्यांनी तोच सांगायला सुरुवात केली.

चक्क्याचं सांगितलं, पाच वेळा विचारलेल्या 'का'चं सांगितलं, थर्मामीटरचं सांगितलं. ज्ञानेश आधी गालात हसत होता. मग म्हणाला, "आमच्याकडेबी सेम झालं होतं बाबा. पेंट शॉपला पार्टवर ओरखडे यायचे. पंधरा जणांची टीम बसली. शेवटी काय, तर तपासणाऱ्याच्याच घड्याळाचा पट्टा लागायचा." यावर श्यामराव इतके मोठ्यानं हसले की आतल्या खोलीत पद्माताईंनी दिव्याच्या हाताला धरून तिला गप्प उभं केलं.

मग सोसायटीच्या बैठकीचं आलं. राखून ठेवलेल्या निर्णयाचं आलं. "इतके जावई आहेत का, असं विचारलं मला!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? एकच आहे, आणि तोही..." श्यामराव थांबले.

ज्ञानेश दाराच्या फटीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, आज तुम्ही आत नाही गेलात."

"जाताच येईना," श्यामराव अगदी खरं ते बोलून गेले.

ज्ञानेशला जे हसू फुटलं ते आवरेना. खांदे गदगदले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्यानं हात उचलला. त्याच क्षणी श्यामरावांनाही हसू आलं, फडकं सुटलं आणि दार धाडकन खाली आपटलं. गार वारा आत गेला. दोघांच्या डोळ्यांदेखत गुळगुळीत केकावर एक बारीक रेघ उमटली, मग तिला फाटे फुटत गेले आणि सगळा पृष्ठभाग कोरड्या पडलेल्या तळ्यासारखा चिरफाळला.

"गेला," श्यामराव म्हणाले.

"माझ्यामुळं," ज्ञानेश म्हणाला.

"छे छे, माझं फडकं सुटलं."

"नाही बाबा, मी हात काढला."

हा वाद कुणीच सोडायला तयार नसताना दारातून कुसुमताई आल्या. पदर खोचून ओव्हनपाशी वाकल्या, चष्मा सावरला आणि बराच वेळ केक न्याहाळला. श्यामराव आणि ज्ञानेश शाळेत काच फोडलेल्या मुलांसारखे शेजारीशेजारी उभे.

"आता कशी जाळी पडली!" कुसुमताई म्हणाल्या. "उगाच फोनवर नाही नाही म्हणत होतास. तेहतीस तुकडे कर आणि आण ताटात."

गोल केकाचे तेहतीस तुकडे कसे करायचे, हा प्रश्न सासऱ्या-जावयांनी कंपासपेटी काढून सोडवला. कुसुमताईंनी मोजले आणि होकार दिला. तेवढ्यात घामाघूम झालेले सोपानराव स्प्रिंग घेऊन पोचले. ती इतकी कडक निघाली की बसवल्यावर ओव्हन उघडेनाच.

जेवणं झाली. धोंड्यांनी जडावलेला ज्ञानेश हॉलमध्ये जरा आडवा झाला. श्यामराव आत गेले, आणि पद्माताईंनी दिव्याकडे पाहिलं. पण ते पाचच मिनिटांत बाहेर आले, हातात बंद पाकीट घेऊन. ज्ञानेशची दुसरी शिफ्ट होती. तो निघाला तेव्हा श्यामराव चपला घालून तयार होते.

"मी येतो कोपऱ्यापर्यंत."

मोटरसायकल हातानं ढकलत ज्ञानेश त्यांच्या बरोबरीनं चालला. गेटवर नवनाथांनी आंब्याच्या नमुन्याची आठवण करून दिली. टपालपेटीपाशी श्यामराव थांबले. ज्ञानेशनं पाकिटावरचं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"बाबा, हे तर मलाच आहे. द्या ना, नेतो की."

"तुम्ही पोस्टानं विचारलंत. उत्तर पोस्टानंच यायला हवं."

"काय लिहिलंय, तेवढं तरी सांगा."

श्यामरावांना सांगायचं नव्हतं. पण आज त्यांना बोलायची सवय लागली होती. "लिहिलंय की चिरंजीव ज्ञानेश, तुझं काहीही चुकलेलं नाही. मी आत बोलायला विषय शोधत होतो. पुढच्या वेळी तूही आत ये, कपाट मोठं आहे."

ज्ञानेशनं मोटरसायकल स्टँडला लावली, पुढे होऊन टपालपेटीची गंजलेली झडप बोटानं वर उचलली आणि तशीच धरून ठेवली.

श्यामरावांनी पत्र आत टाकलं.